सखाहरीबुवांची मास्तरीण

“पण तिला इथं मिळतं तरी काय, बुवा?”

मच्छिंद्रने हे विचारलं तेव्हा त्याच्या पायातल्या चपलाही निघाल्या नव्हत्या.

मठाच्या ओट्यावर सखाहरीबुवा भिंतीला टेकून बसले होते. मांडीवर सूप, सुपात भुईमुगाच्या शेंगा. अंगठ्याने दाबून एकेक शेंग फोडत होते.

“ये,” बुवा म्हणाले. “शेंगा खा.”

“मी काहीतरी विचारलं.”

“ऐकलं की.”

…

बुवांची ही जुनी खोड. प्रश्न ऐकून घ्यायचे आणि उत्तराच्या जागी माणसाला बसायला पोतं द्यायचे. माणूस मुळातच चिडका असेल तर आणखी चिडायचा. मच्छिंद्र मुळातच चिडका होता.

त्याने चपला पायऱ्यांशी काढल्या, पण तो बसला नाही. बाहेर पिंपळाखाली भाड्याची जीप उभी होती. ड्रायव्हरला संध्याकाळच्या आत दुसरं भाडं होतं आणि त्याने येतानाच बजावलं होतं, महाराज, पटकन आटपा.

“गोदा कुठाय?”

“पाणी आणायला गेलीय नदीवर. येईल.”

“तुम्ही तिला पाणी भरायला लावता?”

“मीच भरत होतो. तिनं हंडा हिसकून घेतला.”

मच्छिंद्रने ओट्यावर एक फेरी मारली. मग दुसरी. ओटा लहान, पावलं मोठी, त्यामुळे तो सारखा वळत होता.

सखाहरीबुवा म्हणजे सांगवीच्या मठातले मृदंगाचे बुवा. त्या सगळ्या पट्ट्यात जो कोणी मृदंगावर हात ठेवतो, तो बुवांचा शिष्य असतो, नाहीतर शिष्याचा शिष्य. मच्छिंद्र त्यांतला सगळ्यात नावाजलेला. तालुक्याच्या गावी त्याचं पखवाज विद्यालय होतं, दुमजली. दारावर पाटी, पाटीवर त्याचा फोटो. बुवांचाही फोटो होता. जरा लहान होता, एवढंच.

बाहेर त्याला सगळे गुरुजी म्हणत. मठाची पायरी चढला की तो नुसता मच्छिंद्र व्हायचा, आणि ते त्याला आवडायचं नाही असं म्हणता येणार नाही. पण आज तो गुरुजी म्हणूनच आला होता.

“मी तिला लहानपणापासून शिकवलं,” तो म्हणाला. “पहाटे उठवून रियाज घेतला. अंगात ताप असताना घेतला. माझ्या स्वतःच्या पोराला एवढं दिलं नाही मी. आणि ही एक दिवस मृदंग उचलते आणि तुमच्या मठात येऊन बसते. लोक काय म्हणतात, ठाऊक आहे? गुरूनेच शिष्याचा शिष्य फोडला.”

बुवा हसले. “मी एवढा हुशार कधी झालो रे?”

“हसू नका, बुवा.”

“बरं.”

…

“तिनं मृदंग इथं कशाला आणला,” बुवांनी विचारलं, “ते ठाव हाय का तुला?”

मच्छिंद्रची फेरी थांबली.

त्याला ठाऊक होतं. या मठाचा तसा रिवाजच होता. ज्याने वाजवणं कायमचं सोडलं त्याने मृदंग घरात ठेवायचा नाही, विकायचाही नाही. मठात आणून ठेवायचा. ज्याला लागेल तो घेऊन जाईल. हात थकले की म्हातारी माणसं मुलाच्या खांद्याला धरून येत, मृदंगाला नमस्कार करत आणि ठेवून जात. विशीतल्या पोरीने आणून ठेवल्याचं कोणी ऐकलं नव्हतं.

“म्हणून तर आलोय,” तो म्हणाला. त्याचा आवाज एकदम खाली आला. “उद्या काल्याचं कीर्तन आहे. साथीला तिचं नाव सांगून बसलोय. पण ते मरू दे, उद्याचं मी निभावून नेईन. ती सोडतेय, बुवा. असा हात मी तरी दुसरा पाहिला नाही. तो असा फुकट जाणार... मला झोप लागत नाही.”

हे मात्र अगदी खरं होतं. त्याचे डोळेच सांगत होते.

बुवांनी एक शेंग फोडली. दाणे त्याच्यासमोर ठेवले.

“झालं काय होतं?”

“काही नाही झालं,” मच्छिंद्र म्हणाला, आणि मग स्वतःच सांगायला लागला.

…

“मागच्या सप्ताहात, जागराच्या दिवशी, लय घसरली तिची. सगळा गाव बसलेला. कीर्तनकार महाराजांनी चाल जरा ओढून धरली आणि ही त्यांच्यामागे ओढली गेली. मी बाजूला टाळ घेऊन उभा. मी... मृदंग घेतला तिच्या मांडीवरून. घ्यावाच लागला. मग मी सांभाळून नेलं शेवटपर्यंत. लोकांनी टाळ्या वाजवल्या.”

“कुणासाठी?”

मच्छिंद्र पुन्हा फेरी मारायला लागला.

“कुणासाठी वाजवल्या टाळ्या?”

“मग काय गुरूने चूक दाखवायचीच नाही का?” तो उसळला. “तुम्ही मला छड्या मारल्यात. एकदा तर हातोडी फेकून मारली होतीत. आठवतं?”

“आठवतं. लागली न्हाई तुला.”

“नेम चुकला म्हणून!”

“लई बरं झालं चुकला,” बुवा म्हणाले. “मी रात्रभर रडत होतो.”

हे मच्छिंद्रला नवीन होतं. इतक्या वर्षांत त्याला हे कोणी सांगितलं नव्हतं. तो काहीतरी विचारणार, तेवढ्यात पायऱ्यांवर हंड्याचा आवाज झाला.

गोदा आली. ओली कंबर, विस्कटलेले केस. मच्छिंद्रला पाहून ती दारातच थबकली. मग हंडा खाली ठेवून पुढे आली आणि वाकून त्याच्या पायांना हात लावला.

“गुरुजी, कधी आलात?”

येताना जीपमध्ये त्याने तिला सांगायच्या पुष्कळ गोष्टी मनात जुळवल्या होत्या. काही रागाच्या, काही मायेच्या. त्यांतली एकही तोंडात आली नाही.

“चल,” तो म्हणाला. “गाडी उभी आहे.”

“आमचा पाठ राहिलाय.”

“कसला पाठ?”

“बुवांचा.”

“आता काय पाठ द्यायचा राहिलाय तुला बुवांनी?”

“मला नाही,” गोदा म्हणाली. “मी घेते पाठ.”

बुवांनी सूप बाजूला सारलं, धोतर आवरलं आणि मांडी नीट घालून बसले. पाठ चुकलेल्या पोरासारखे जरा ओशाळलेले दिसत होते.

“आमची मास्तरीण हाय ती,” ते म्हणाले. “कडक हाय.”

मच्छिंद्रला ही थट्टा वाटली. म्हातारपणी माणसं पोरीबाळींचं मन रमवायला असले खेळ खेळतात. त्याने घड्याळ पाहिलं. बाहेर जीपचा हॉर्न एकदा वाजला.

गोदाने आतून मृदंग आणला. तिचाच मृदंग. पट्ट्याला धरून आणला आणि बुवांपुढे ठेवला. मग परातीत मूठभर कणीक घेतली, पाण्याचा हात लावत मळली आणि गोळा बुवांच्या उजव्या हातात दिला. बुवांनी तो घुमाऱ्यासाठी डाव्या तोंडावर थापला, अंगठ्याने कडा दाबल्या.

“अजून कणीकच लावता का?” मच्छिंद्र म्हणाला. “आम्ही विद्यालयात डाव्या तोंडालाही उजव्यासारखी कायमची शाई, तो काळा लेप, भरून घेतली. रोज मळा, लावा, खरवडा... किती वेळ जातो त्यात.”

“वेळ जातो खरा,” बुवा म्हणाले.

मच्छिंद्रचं लक्ष गोदाच्या हातांवर होतं. पोरीने मृदंगाच्या कातड्याला बोटसुद्धा लागू दिलं नव्हतं. पट्टा धरला, लाकूड धरलं, पण तोंडाला हात नाही. एवढं सांभाळून ती मागे सरकून बसली आणि टाळी देऊन बोल म्हणायला लागली.

“धा धा दिं ता, किट धा दिं ता...”

पहिला धडा. मृदंगावरचा अगदी पहिला धडा.

बुवांचा उजवा हात पडला. तोच जुना हात, स्वच्छ, गोल. ऐकून मच्छिंद्रची मान आपोआप हलली. मग बुवांनी काय केलं, तर उजव्या हाताने स्वतःचा डावा हात मनगटाशी धरून उचलला आणि कणकेवर सोडला.

थप्प.

ओलं फडकं जमिनीवर पडावं तसा आवाज झाला.

“पुन्हा,” गोदा म्हणाली.

थप्प.

“खांद्यातून, बुवा. मनगट विसरा. खांद्यातून टाका.”

थप्प.

“कालच्यापेक्षा जरा बरा.”

“जरा?”

“अगदी जरा.”

बुवा खूश झाले. कपाळावर घाम आला होता, तो त्यांनी खांद्याला पुसला आणि पुन्हा हात उचलला.

मच्छिंद्रला बसवेना. बुवांना मागच्या साली अर्धांगाचा झटका आला होता, हे त्याला ठाऊक होतं. दवाखान्यात तो एकदा येऊन गेला होता, फळं ठेवून गेला होता. मग सप्ताहांचा हंगाम लागला. बुवा बरे आहेत असं कोणीतरी सांगितलं आणि त्याने ते मानून घेतलं. ज्या डाव्या हाताचा घुमारा ऐकायला लोक बैलगाड्या जोडून यायचे, तो हात असा पडताना पाहणं म्हणजे आपलंच काही चोरीला गेल्यासारखं त्याला वाटलं.

“कणीक वाळली,” गोदा म्हणाली. “या उन्हात टिकतच नाही. दुसरी मळून आणते.”

ती आत गेली.

मच्छिंद्र झटकन बुवांच्या जवळ सरकला.

“बुवा, खरं सांगा. नाटक करताय ना?”

“कसलं?”

“तिला अडकवून ठेवायला. मुद्दाम चुकताय. ती निघून जाऊ नये, मृदंगाजवळ बसून राहावी म्हणून. मी ओळखलं.”

बुवांनी उजव्या हाताने डावा हात उचलला आणि मच्छिंद्रच्या तळव्यावर ठेवला.

“दाब.”

मच्छिंद्रने बोट दाबलं.

“अजून दाब. नख लाव.”

त्याने नख लावलं. बुवा त्याच्याकडे बघत होते. चेहऱ्यावर काही उमटलं नाही.

“अजून.”

त्याच्याने दाबवेना. हात गार होता, जड होता आणि अगदी परका होता. याच हाताने त्याच्या पाठीत धपाटे घातले होते आणि याच हाताने त्याला पहिल्यांदा मृदंगापुढे बसवलं होतं.

“परत येणार नाही का हा?”

“डॉक्टर म्हणतो, न्हाई.”

“मग शिकता कशाला?”

…

“येत न्हाई म्हणून,” बुवा म्हणाले.

मच्छिंद्रने तो हात हळूच त्यांच्या मांडीवर ठेवला. बाहेर हॉर्न वाजला. पिंपळावरचे कावळे उडाले आणि परत बसले.

“तिला सांगा ना, बुवा,” तो कळवळून म्हणाला. “तुमचं ऐकेल ती. एकदा नुसतं म्हणा, वाजव म्हणून.”

“मी?”

“तुम्हीच.”

“मास्तरणीला हुकूम सोडू?”

गोदा कणीक घेऊन आली. बुवांनी ती लावून घेतली. पुन्हा टाळी, पुन्हा बोल, पुन्हा तो थप्प. मच्छिंद्र भिंतीला टेकला, सरळ झाला, पुन्हा टेकला. गोदाचा आवाज मात्र शांत होता. तिला घाई नव्हती. थप्प झालं की ती म्हणायची, पुन्हा. त्या पुन्हामध्ये राग नव्हता, कंटाळा नव्हता. मच्छिंद्रने हा शब्द विद्यालयात हजारदा वापरला होता, पण त्याच्या तोंडून तो निराळाच ऐकू यायचा.

आणखी एक थप्प झाला आणि त्याच्याने राहवलं नाही.

“सरक,” तो गोदाला म्हणाला. “डावा मी वाजवतो. बुवा, तुम्ही उजवा धरा. निदान एक ‘धा’ तरी नीट कानावर पडू दे!”

तो डाव्या तोंडाशी जाऊन बसला. मृदंग मध्ये आडवा, उजव्या टोकाला बुवा, डाव्या टोकाला हा.

गोदाने त्याच्याकडे पाहिलं.

“नुसता डावा, गुरुजी. तुम्ही बुवांचा डावा हात व्हायचं. बाकी काही नाही.”

“त्यात काय मोठं?”

“मग घ्या.”

‘धा’ म्हणजे काय? उजवा आणि डावा एकदम पडायचे. दोन्ही आवाज मिळून एक झाला की ‘धा’. लहान पोरांना आठवड्यात येतो. मच्छिंद्रने तो उभ्या आयुष्यात किती वाजवला असेल, त्याला गणती नाही.

गोदाने बोल धरला. बुवांचा उजवा पडला.

पण मच्छिंद्रचा डावा त्याच्या आधीच पडून गेला होता.

“पुन्हा.”

पुन्हा आधी पडला. केसभरच आधी, पण तेवढ्याने ‘धा’ फुटला आणि दोन तुकडे ऐकू आले.

“बुवा, तुम्ही जरा मागं राहताय,” मच्छिंद्र म्हणाला.

बुवांनी मान हलवली. “असंल.”

“पुन्हा,” गोदा म्हणाली.

या वेळी तो थांबून राहिला आणि उशिरा पडला. मग पुन्हा आधी. कणीक ओली होती, ती त्याच्या बोटांना चिकटायला लागली. विद्यालयात हिची सवय राहिली नव्हती. त्याने बोटं धोतराला पुसली आणि पुन्हा बसला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

“गुरुजी, एक सांगू?”

“काय?”

“उजवा हात थांबवा.”

“उजवा कुठं वाजवतोय मी?”

“मांडीवर वाजवताय.”

त्याने खाली पाहिलं. त्याचा उजवा हात त्याच्याच मांडीवर ठेका धरून चालला होता. कधी सुरू झाला ते त्याला कळलंच नव्हतं.

“तुम्ही बुवांचा उजवा ऐकत नाही,” गोदा म्हणाली. “तुमचाच ऐकताय.”

…

दुसऱ्या कोणी हे म्हटलं असतं तर मच्छिंद्र उठून गेला असता. पण पोरगी बरोबर बोलत होती, आणि लयीच्या बाबतीत खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. त्याने उजव्या हाताची मूठ वळली आणि ती जमिनीला टेकवली.

“घे.”

“धा...”

फुटला.

“पुन्हा. धा...”

फुटला.

आता मूठ थांबली तर पायाचा अंगठा ठेका धरायला लागला. अंगठा दाबून धरला तर मान. एवढा मोठा वाजवणारा, पण दुसऱ्याच्या उजव्या हाताला स्वतःचा डावा देता येईना. घाम गळ्यापर्यंत आला. बाहेर हॉर्न वाजला, लांबलचक, आणि मच्छिंद्रने ओरडून ड्रायव्हरला गप्प केलं. बुवा शांतपणे आपला उजवा टाकत होते, दर वेळी तसाच, जणू पहिल्यांदाच टाकताहेत.

“पुन्हा,” गोदा म्हणाली. पण आता तिचाही आवाज चढला होता. ती गुडघ्यांवर आली होती. “ऐका ना जरा! बुवा श्वास घेतात तो ऐका, त्याच्यामागून हात येतो त्यांचा. धा...”

फुटला.

“अहो नाही, नाही!”

“मग कसा?” मच्छिंद्र ओरडला.

“असा, गुरुजी! असा!”

तिने त्याचा हात बाजूला ढकलला आणि स्वतःचा डावा कणकेवर टाकला, आणि त्याच क्षणी बुवांचा उजवा शाईवर पडला.

धा.

भिंतीला अडकवलेले टाळ किणकिणले. कावळे उडाले.

…

गोदा आपल्या हाताकडे पाहत राहिली. बोटांना कणीक लागली होती.

मच्छिंद्रने श्वाससुद्धा जपून घेतला. बुवांचे डोळे मिटलेले होते. झटका आल्यापासून त्यांच्या उजव्या हाताला जोडीदार मिळाला नव्हता, आणि आता मिळालेला ते कानात घोळवत बसले होते.

मग त्यांनी डोळे न उघडताच उजवा पुन्हा टाकला.

गोदाचा डावा आपोआप पडला.

धा. धा. दिं. ता.

अशी दोघांनी मिळून दोन-तीन आवर्तनं घेतली. मग बुवांनी आपला हात अलगद उचलून मांडीवर ठेवला. गोदाला ते लगेच कळलं नाही. ती मृदंगापुढे सरकली, मृदंग जवळ ओढला आणि दोन्ही हातांनी वाजवायला लागली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायला ती थांबली नाही.

हात बरेच दिवस बंद होते. बोटं जड पडत होती. पहिली दोन आवर्तनं जेमतेम गेली आणि तिसऱ्यात ‘किट’पाशी लय घसरली. जागराच्या दिवशी घसरली होती तशीच.

मच्छिंद्रचा हात उठला.

त्याने उचलला नाही, तो आपणहून उठला आणि मृदंगाच्या दिशेने निघाला. गोदाने तो पाहिला. तिची बोटं कातड्यावरच आखडली.

मच्छिंद्रनेही तो पाहिला.

त्याने तो हात मागे घेतला आणि स्वतःच्या मांडीखाली घातला. मग दुसराही घातला. एवढा मोठा गुरुजी, दोन्ही हातांवर बसून राहिला. चेहरा असा झाला होता की दाढ उपटतानाही माणसाचा होत नाही.

…

गोदाने घसरलेली जागा शोधली. सापडली नाही. पुन्हा शोधली. मच्छिंद्रला ती कुठे आहे ते दिसत होतं, ओठांवर आलं होतं, त्याने ओठ दाताखाली धरले. शेवटी तिची तिलाच सापडली आणि ती पुढे गेली. आता लय बसली. मृदंग भरून वाजायला लागला.

मच्छिंद्र रडत होता. त्याने तोंड लपवलं नाही. हात मोकळे नव्हते.

वाजवता वाजवताच गोदाने विचारलं, “गुरुजी, उद्या मी चुकले तर?”

…

“तर मी टाळ वाजवत असेन,” मच्छिंद्र म्हणाला. “नुसता टाळ.”

ती आणखी एक आवर्तन वाजवून थांबली.

“मग सकाळच्या गाडीने येते मी. आज बुवांचा पाठ अर्धा राहिलाय.”

“ये.”

बाहेर ड्रायव्हरने आता हॉर्नवरचा हात काढायचंच सोडून दिलं होतं. मच्छिंद्र उठला. हातांना मुंग्या आल्या होत्या, ते झटकले. बोटांवरची कणीक वाळून पांढरी झाली होती.

त्याने बुवांच्या पायांवर डोकं ठेवलं. जरा जास्तच वेळ ठेवलं. मग वळला, पायऱ्यांशी आला आणि एका पायात चप्पल घातली.

“मच्छिंदर,” मागून बुवांनी मृदंग पुन्हा पुढ्यात ओढत हाक मारली.

“जी, बुवा.”

“माझा डावा हात घेऊन कुठं निघालास?”